मेहुण्याच्या हेडफोनमधलं जनावर

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं मान हलवल्यामुळे आलेली आहेत. बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून समोरचा जे म्हणेल त्याला मी मान हलवतो आणि मोकळा होतो. लोकांना वाटतं, किती शांत मुलगा, किती समजूतदार! (शाळेतही मास्तर "कळलं का?" म्हणाले की मी मान हलवायचो. सातवीत एकदा ते म्हणाले, "काय कळलं ते सांग." माझं शिक्षण तिथेच संपलं.)

या वेळची मान मी सासुरवाडीला, जेवता जेवता हलवली.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, समोर तोंड पाडून बसला होता. त्याच्याकडे हातात धरून गेम खेळायचं एक यंत्र आहे. त्याला हेडफोन लावले की कानात सारखी घरघर येते, असं त्याचं म्हणणं. बिचारा दोन दुकानं फिरून आला होता. एकाने सांगितलं, हेडफोन बदला. दुसऱ्याने सांगितलं, यंत्र बदला. तिसऱ्या दुकानात तो गेलाच नाही, तिथे त्यालाच बदलायला सांगतील या भीतीने.

"मग यांना दे की," बायको म्हणाली. "यांचा कान म्हणजे काय कान आहे! नुसत्या आवाजावरून रोग सांगतात."

हे खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. शाळा सुटल्यावर वडिलांनी मला एका मिस्त्रींच्या हाताखाली घातलं, तो मी अजून तिथेच आहे. मिस्त्रींनी मला आवाज ऐकायला शिकवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनवर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. आत कुठे घासतंय, कुठे ढिलं झालंय, सगळं त्या दांड्यातून कानात येतं. "मशीन कधी खोटं बोलत नाही, मशीनचा मालक बोलतो," असं मिस्त्री म्हणतात. तेव्हा कान माझा चांगला आहे. पण तो शिलाई मशीनपुरता. हे वाक्य मी मनात तयार केलं, तोंडापर्यंत आणलं, आणि तेवढ्यात मेहुण्याने विचारलं, "दाजी, जमेल ना?"

मी मान हलवली.

"काय म्हणतेय ती?" सासऱ्यांनी विचारलं.

सासऱ्यांना कमी ऐकू येतं. उभी हयात पत्रा ठोकायच्या कारखान्यात गेली, त्याचा परिणाम. ते मात्र हे मानत नाहीत. "मला सगळं ऐकू येतं," ते म्हणतात, "तुम्हीच लोक तोंडातल्या तोंडात बोलता." बाकीचे लोक त्यांच्याशी ओरडून बोलतात. मला ओरडता येत नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमचं एकच संभाषण वारंवार झालेलं आहे.

"बाबा, तब्येत बरी ना?"

"काय?"

"काही नाही."

यावर ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहतात. या माणसाने आत्ता काहीतरी महत्त्वाचं सांगितलं आणि ते आपल्या हातून निसटलं, असं त्यांना वाटत असावं. मग ते सुस्कारा सोडून म्हणतात, "असो, जावईबापू."

निघताना मेहुण्याने ते यंत्र एका मऊ पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. एखादी बाई तान्हं मूल शेजारणीकडे देते तसं.

"दाजी, सगळं तुमच्या हातात आहे," तो म्हणाला. आणि मग खरं काय ते बोलला.

रविवारी दुपारी त्याची नोकरीची मुलाखत होती. नवे गेम बाजारात येण्याआधी तपासून देणारी एक कंपनी आहे. तिथे आवाज तपासणारा माणूस हवा होता. मुलाखत घरबसल्याच होती. कंपनीवाले एक गेम पाठवणार, त्यात मुद्दाम आवाजाच्या चुका घालून ठेवलेल्या असणार, आणि मेहुण्याने खेळता खेळता त्या ओळखून फोनवरून सांगायच्या.

"आता माझ्याच कानात घरघर असेल तर मी त्यांची चूक कुठली आणि माझी कुठली सांगू?"

"आणि नाही जमलं तर?" बायकोने विचारलं.

"तर सोमवारपासून मामाचं टाइल्सचं दुकान. बाबांनी मामाला सांगूनसुद्धा टाकलंय." मेहुण्याचा चेहरा आत्ताच टाइल्स उचलल्यासारखा झाला. "ताई, मामा दिवसभर एकाच टाइलबद्दल बोलतो गं."

घरी आल्यावर मी हात धुतले, टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि यंत्र त्यावर ठेवलं. हेडफोन घातले. त्यांच्या वायरवर गळ्याच्या खाली येईल अशी एक चपटी काळी डबी होती आणि डबीला मागे बारीक चिमटा. शर्टाला अडकवायची सोय! म्हणजे वायर खाली ओढली जाणार नाही. बनवणाऱ्याने किती बारीक विचार केलाय, असं मला वाटलं, आणि त्याला मनातल्या मनात दाद देऊन मी ती डबी कॉलरला अडकवली.

यंत्र सुरू केलं आणि कान दिला.

सूंऽऽ... खर्र. सूंऽऽ... खर्र.

अंगावर काटा आला माझ्या. घरघर वगैरे काही नव्हती. मेहुण्याने रोगाचं वर्णनच चुकीचं केलं होतं. (पेशंटवर कधी विश्वास ठेवू नये.) हा तर चांगला तालात येणारा आवाज होता. आत काहीतरी वर जात होतं आणि खाली येत होतं. वर जाताना सूं, खाली येताना खर्र. अगदी सुईच्या दांड्यासारखं! मला माझं माणूस परक्या गावात भेटल्यासारखं झालं.

"सापडलं!" मी म्हणालो. आनंदाने माझी छाती धडधडायला लागली, आणि त्याच क्षणी आवाजाचा वेगही वाढला. सूंखर्र, सूंखर्र, सूंखर्र.

"अगं, हे गरम होतंय! वेग घेतंय!"

"मग बंद करा ना," बायको आतून म्हणाली.

बंद कसं करणार? मिस्त्रींनी शिकवलंय, आवाज आला की आधी बाहेरचं सगळं बंद करायचं आणि मग आतलं ऐकायचं. मी पंखा बंद केला. खर्र चालूच. फ्रीजचा स्विच काढला. खर्र चालूच. मग विचार केला, असं एकेक करत बसण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे, आणि घराचा मेन स्विच खाली ओढला.

घर गुडुप झालं. यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे त्याचा उजेड तेवढा राहिला, आणि त्या उजेडात खर्र चालूच.

त्या उजेडाच्या पलीकडे बायको उभी होती.

"कपडे धुवायच्या मशीनमध्ये माझा युनिफॉर्म आहे," ती म्हणाली. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. "साबणाच्या पाण्यात आहे. मशीन मधेच बंद पडलं की दार उघडत नाही, आणि पुन्हा सुरू केलं की पहिल्यापासून सुरू होतं. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मी अंधारात मान हलवली. (ती तिला दिसली नसावी, पण सवय.)

दुसऱ्या दिवशी ती ओलसर युनिफॉर्म घालून कामावर गेली. दिवसभर पेशंट तिला बाहेर पाऊस आहे का विचारत होते.

पण मी पुढचं आधी सांगतोय. वीज परत आल्यावर मी यंत्राचं मागचं झाकण उघडलं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर मुंग्यांएवढे भाग आणि कडेला तांदळाच्या कणीएवढा एक स्क्रू. बाकी कशाला हात लावायची माझी हिंमत नव्हती, पण स्क्रू म्हणजे घरचाच माणूस. मी सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्यावर टेकवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बारीक स्क्रू फिरवताना मी श्वास घेत नाही. ही मिस्त्रींची शिस्त. नवा होतो तेव्हा एकदा माझ्या नुसत्या उसाशाने बॉबिन केसची स्प्रिंग उडाली होती. ती एका गिऱ्हाइकाच्या अंबाड्यात जाऊन बसली आणि त्यांच्याबरोबर घरी गेली. तेव्हापासून स्क्रूवर हात आणि नाकाला कुलूप.

तर मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबला, आणि आवाज थांबला!

पूर्ण थांबला. एकदम शांत, सुट्टीच्या दिवशीच्या कारखान्यासारखं.

मी हात काढला, समाधानाने मागे टेकलो. सूंऽऽ... खर्र.

पुन्हा दाबला. शांत. पुन्हा सोडला. खर्र.

आनंदाने माझे डोळे भरून आले. दोन-दोन दुकानदारांना जे कळलं नाही ते मला एका स्क्रूड्रायव्हरने कळलं होतं! पण मिस्त्री म्हणतात, एका कानावर निकाल देऊ नये. मी हेडफोन काढून बायकोच्या डोक्यावर घातले. डबी माझ्या कॉलरलाच होती, वायर लांब होती, म्हटलं राहू दे.

"येतोय आवाज?"

"येतोय. कोणीतरी गरम चहा फुंकून फुंकून पितंय असा."

"आता?" मी वाकून स्क्रू दाबला.

"थांबला."

"आता?"

"आला. अय्या, केवढ्याने आला! आता चहावाला धावत सुटलाय."

"आता?"

"थांबला. अहो, तुम्ही लाल का झालात?"

"आता?"

"आला. काय मस्त हो! जादूच आहे," बायको म्हणाली आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तो स्क्रू जन्मभर दाबून धरला असता. युनिफॉर्मचा विषय तिने त्यानंतर तासभर काढला नाही.

निदान ठरलं: स्क्रू ढिला. मी तो घट्ट केला. घट्ट करत होतो तोवर शांतता होती. झाल्यावर खर्र. आणखी घट्ट केला. पुन्हा तेच. इतका निर्लज्ज स्क्रू मी पाहिला नव्हता. हात आहे तोवर शहाण्यासारखा वागायचा आणि हात काढला की पहिले पाढे पंचावन्न.

शनिवारी मी यंत्र दुकानात नेलं. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, हेडफोन घातले आणि डोळे मिटले. मी काळजीने त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन उभा राहिलो.

"याचं शटल गेलंय," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, शटल शिलाई मशीनला असतं, याला नसतं."

"मग तोच तर रोग." त्यांनी हेडफोन काढले. "तेल सोड."

मिस्त्रींच्या जगात दोनच रोग आहेत, तेल कमी आणि तेल जास्त. मला ते पटत नव्हतं. पण त्यांनी विचारलं, "कळलं का?" आणि माझी मान हलली. मी त्यातल्या त्यात धोका कमी म्हणून वरच्या बटणांच्या कडेने मशीनच्या तेलाचा एक बारीकसा थेंब फिरवला. बटणं लोण्यासारखी चालायला लागली. आवाज होता तसाच.

मग घरी येऊन मी माझ्या अकलेने बंदोबस्त केला. स्क्रूवर सतत दाब हवा ना? मग दाब देऊ. स्क्रूवर बॉबिनचा तुकडा ठेवला, त्यावर कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला आणि वरून परकराचं इलास्टिक घट्ट गुंडाळून टाके घातले. यंत्र आता पाय मोडलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. पण काम दिसण्याशी नाही, आवाजाशी असतं.

शेवटची चाचणी घ्यायची वेळ आली. माझं सगळं भवितव्य, मेहुण्याची नोकरी, बायकोचा माहेरचा शब्द, सगळं त्यात होतं. मी हेडफोन घातले, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि श्वास रोखून ऐकलं.

शांत. काहीही नाही. पुन्हा श्वास रोखला. पुन्हा शांत.

मी बायकोला फोन लावला. "झालं."

"नक्की?"

"चिमट्याने झालं."

"तो चिमटा माझ्या दोरीवरचा आहे का?" असं तिने विचारलं म्हणे, पण मी तोवर फोन ठेवला होता.

रविवारी मुलाखतीला मेहुणा आमच्याच घरी आला. स्क्रूवर नजर ठेवायला मी जवळ असलेला बरा, असं मीच सुचवलं होतं. (म्हणजे बायकोने सुचवलं, मी मान हलवली.) बरोबर सासरेही आले. मुलगा नापास झाला की तिथल्या तिथे मामाला फोन करता यावा, हा त्यांचा हेतू.

मेहुण्याने यंत्राकडे बघितलं. चिमट्याकडे बघितलं. इलास्टिकवरून बोट फिरवलं.

"दाजी, हे..."

"दिसण्यावर जाऊ नकोस," बायकोने ओरडून सांगितलं. वडील खोलीत असले की ती सगळ्यांशीच ओरडून बोलते.

मेहुणा टेबलाशी बसला. त्याने हेडफोन घातले, पण वायर चिमट्यात अडकायला लागली. म्हणून मी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो आणि ती चपटी डबी काढून माझ्या कॉलरला लावली. हातात बारीक स्क्रूड्रायव्हर तयार ठेवला.

"दाजी, आवाज येतोय."

"शक्य नाही."

"येतोय. वेगळाच येतोय. पूर्वी घरघर होती, आता कोणीतरी... कण्हतंय."

मी स्क्रूड्रायव्हर चिमट्याच्या फटीतून आत घातला आणि दाबला.

"गेला!" मेहुणा म्हणाला. "दाजी, असंच धरून ठेवा. हलू नका."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मेहुण्याने तो स्पीकरवर टाकला. कंपनीच्या बाईंचा आवाज आला, गोड, पण पट्टीने आखल्यासारखा. "तयार आहात? सुरू करा. जे ऐकू येईल ते लगेच बोला."

खेळ सुरू झाला. पडद्यावर एक छोटा माणूस एका गुहेत शिरला.

"पावलं डावीकडे पडतायत आणि आवाज उजवीकडून येतोय," मेहुणा म्हणाला.

"बरोबर."

"पाण्याचे थेंब पडायच्या आधीच आवाज येतोय."

"छान. पुढे."

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आजवर मी स्क्रूपुरता श्वास धरला होता, अख्ख्या मुलाखतीपुरता नाही. सासरे खुर्चीतून वाकून माझ्याकडे बघत होते. "जावईबापूंचे कान निळे का पडलेत?" असं त्यांनी मोठ्याने विचारलं, पण सगळे गुहेत गुंतलेले होते. शेवटी नाइलाज झाला. मी हळूच, अगदी चोरून, थोडासा श्वास सोडला.

मेहुणा दचकला. "गुहेत एक जनावर आहे."

"कुठे?" बाई म्हणाल्या.

"दिसत नाहीये. पण श्वास घेतंय. मोठं आहे."

"तिथे आम्ही जनावर ठेवलेलं नाही."

"आहे, मॅडम. म्हातारं आहे. मला वाटतं आजारी आहे. नाक चोंदलंय त्याचं."

मी घाबरलो. घाबरलो की श्वास कुणाला आवरतो? स्क्रू तर मी जिवाच्या कराराने दाबून धरला होता, तरी आवाज थांबेना! माझा आयुष्यभराचा स्क्रूवरचा विश्वास उडत चालला.

"आता ते जवळ आलंय," मेहुणा कुजबुजला. त्याच्या कपाळावर घाम होता. "अगदी कानाशी आलंय. मॅडम, हे मला खाणार बहुतेक."

मग बाई म्हणाल्या, "हे पाहा, आमच्या गेममध्ये असा आवाज नाही. तुमच्या उपकरणात दोष असेल तर आम्हाला तुमची चाचणी धरता येणार नाही. पाच मिनिटं देते. तपासून घ्या, नाहीतर इथेच थांबू."

मेहुण्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बायको माझ्याकडे बघत नव्हती, ती दोरीवरच्या त्या चिमट्याकडे बघत होती. ते जास्त वाईट होतं.

"काय चाललंय काय?" सासरे उठले. "कसला आवाज? मला तर काही ऐकू येत नाही. सगळं थोतांड आहे. बघू इकडे." आणि त्यांनी हेडफोन उचलून स्वतःच्या कानांवर चढवले.

मी अजून गुडघ्यांवरच होतो. मान खाली गेली होती. आणि मी, नेहमी बोलतो तसं, तोंडातल्या तोंडात, माझ्या कॉलरपलीकडे जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "मला यातलं काहीच कळत नाही हो. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मग सांगायचं होतं ना पहिल्याच दिवशी!" सासरे गरजले.

बायकोने माझ्याकडे बघितलं, मी मेहुण्याकडे, मेहुण्याने वडिलांकडे.

"बाबा, तुम्हाला ऐकू आलं?" बायको ओरडली.

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" सासऱ्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. चेहऱ्यावर असं नवल, जणू पुष्कळ वर्षांनी त्यांच्या घराची खिडकी उघडली होती. "जावईबापू, असा आवाज आहे होय तुमचा? बरा आहे की! आणखी बोला."

काय बोलणार? मी नुसता श्वास घेतला.

"आणि तुम्हाला सर्दी आहे," सासरे म्हणाले. "श्वास घेताना शीळ वाजते आणि सोडताना खर्र होतं. औषध घ्या."

मेहुणा हळूहळू उभा राहिला. त्याने वडिलांच्या कानाजवळची वायर चिमटीत धरली आणि तिच्यावरून बोट सरकवत, चोर पकडायला निघाल्यासारखा, माझ्या कॉलरपर्यंत आला.

"दाजी, ही डबी तुम्ही शर्टाला का लावलीत?"

"चिमटा आहे ना तिला."

"हा माईक आहे, दाजी."

त्या डबीच्या कडेला नखाएवढं एक बटण होतं. माईकमध्ये जे जाईल ते आपल्याच कानात ऐकवायचं, हे त्याचं काम. मेहुण्याच्या हातून ते कधीतरी सरकलं असणार. त्याच्या खोलीत टेबलफॅन तोंडावर असतो, त्याची ती घरघर. आणि आमच्या घरात त्या माईकसमोर दोन दिवस मी होतो. ज्या आवाजाचा माग काढायला मी घर अंधारात घातलं, बायकोला ओल्या कपड्यांत पाठवलं, मिस्त्रींकडून शटल गेल्याचं निदान करून घेतलं, तो मी माझ्याच नाकात घेऊन फिरत होतो.

मेहुण्याने बटण मागे सरकवलं, वडिलांच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतले ("अरे, जरा थांब की!" सासरे म्हणाले) आणि फोनवर सांगितलं, "मॅडम, सापडलं. दोष उपकरणात नाही. शेजारी आमचे दाजी श्वास घेत होते, तो आवाज माईकमधून माझ्या कानात येत होता."

बाईंनी विचारलं, "त्यांना खरंच सर्दी आहे?"

"आत्ताच बाबांनी तपासलं."

"आणि ते अंगाने मोठे आहेत?"

"मोठे आहेत, मॅडम. म्हातारे तेवढे नाहीत. ते माझं चुकलं."

बाई हसल्या. पट्टीने आखलेला आवाज पहिल्यांदाच वाकडा झाला. पुढची चाचणी मेहुण्याने एकही चूक न सोडता पार केली. (बटणं छान चालतायत, असंही तो मधेच म्हणाला. मिस्त्रींना मी ते सांगितलं, तर ते म्हणाले, "मग? मी काय सांगत होतो?") नको असलेला आवाज ऐकून त्याच्या मालकाचा आकार आणि आजार ओळखणारा कानच आम्हाला हवा होता, असं सांगून कंपनीने त्याला ठेवून घेतलं. टाइल्सच्या दुकानात मामा आता भिंतीशी बोलतो म्हणे, टाइलबद्दलच.

मेहुण्याने पहिल्या पगारात वडिलांसाठी तसलेच माईकचे हेडफोन आणि जुनं एक यंत्र घेतलं. गेम खेळायला नाही, मला ऐकायला. तेव्हापासून आम्ही सासुरवाडीला गेलो की सासरे हेडफोन चढवून खुर्चीत सरसावून बसायचे, आणि बायको ती डबी माझ्या कॉलरला लावायची. मग सगळे माझ्याकडे बघायचे.

पहिल्या वेळी मी म्हणालो, "बाबा, तब्येत बरी ना?"

"बरी आहे," सासरे आनंदाने म्हणाले. "आणखी?"

"जेवण झालं?"

"झालं. आणखी?"

मी बराच विचार केला. मग आमच्या दुकानात नवीन आलेल्या तेलाबद्दल सांगितलं. ते कसं पातळ आहे, आणि जुनं कसं जाड होतं. सासरे शेवटपर्यंत मन लावून ऐकत होते. पुढच्या वेळी मी पुन्हा तब्येत विचारली, जेवण विचारलं आणि तेलाबद्दल राहिलेलं सांगितलं.

त्याच्या पुढच्या वेळी गेलो तेव्हा बायको डबी लावायला आली, तर सासऱ्यांनी तिला हातानेच थांबवलं. हेडफोन पिशवीत घातले, पिशवी मेहुण्याच्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही काहीतरी फार महत्त्वाचं बोलता आणि माझं ऐकायचं राहून जातं."

मी मान हलवली.